घर दुरुस्तीची वही

(प्रत्येक घराला कधी ना कधी दुरुस्ती करावी लागते. हाताशी पैसे थोडे आणि कामे फार, अशी स्थिती बहुतेक घरांत असते. कोकणातील एका कौलारू घराची दुरुस्ती कशी ठरली, ठेकेदाराशी बोलणे कसे झाले आणि हिशेब कसा ठेवला, ते लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

आमचे घर रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीपलीकडे एका लहान गावात आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचे. घर आजोबांनी बांधले. 16 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. ईद नुकतीच झाली होती. दिवसभर वारा असा सुटला होता की नारळीच्या झावळ्या अंगणातून घसरत रस्त्यावर जात होत्या. आमच्या छपराची पश्चिमेकडची पाचशेहून अधिक कौले फुटली किंवा उडाली. तलाठी येऊन पंचनामा करून गेले. पण त्या दिवसांत सगळ्या गावालाच कौले हवी होती. सुतार मिळत नव्हता. शेवटी छपरावर ताडपत्री बांधून आम्ही तो पावसाळा काढला.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. ताडपत्री तो किती अडवणार? माजघरात सात ठिकाणी गळत होते. दादी प्रत्येक ठिकाणी एक भांडे ठेवत. कोणते भांडे किती वेळात भरते, हे त्यांना पाठ झाले होते. रात्री त्या खाटेवरून हाक मारीत, “बेटा, मोठी डेगची भरली बघ.” मी उठून ती ओतून येत असे.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आम्ही सारे ओटीवर बसलो. दुरुस्तीसाठी अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतले राहिलेले 2,00,000 रुपये काढायचे ठरवले. कुवेतहून भाईजान 1,50,000 रुपये पाठवणार होते. माझ्या बचतीचे 50,000 रुपये होते. एकूण 4,00,000 रुपये. ते संपले की पुन्हा मिळायची जागा नव्हती.

आता कामे काय करायची? अम्मीला स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा हवा होता. माझ्या पत्नीला माजघरात नवी फरशी हवी होती. अब्बांच्या मनात पडवीला लोखंडी जाळी होती. मला न्हाणीघर नवे हवे होते. मी शाळेची एक दोनशेपानी वही घेतली आणि प्रत्येकाचे म्हणणे लिहून काढले. चौदा कामे झाली. अंदाजाने रकमा मांडल्या, तर बेरीज नऊ लाखांच्या पुढे गेली. सगळे गप्प झाले.

दादी एवढा वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “फरशीवर पाणी पडणार असेल तर फरशी कशाला? आधी वरचं बघा.”

आमच्या यादीला त्यांच्या त्या एका वाक्याने वळण मिळाले. घराच्या दुरुस्तीत पाण्याचे काम नेहमी पहिले असते. छप्पर गळत असेल तर खालचा रंग, फरशी, लाकूड, विजेच्या तारा, काहीच टिकत नाही. त्यानंतर भिंतींची ओल. त्यानंतर रोजच्या गरजेची जागा. शोभेची कामे सर्वांत शेवटी. आम्ही यादीत तीनच कामे ठेवली : छप्पर, मागच्या भिंतीची ओल आणि न्हाणीघर. बाकीची अकरा कामे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली. खोडली नाहीत. खोडली असती तर अम्मी रागावली असती.

चार लाखांतले 40,000 रुपये आम्ही वेगळे काढले. जुन्या घराचे पोट उघडल्याशिवाय आतले दुखणे कळत नाही. म्हणून एकूण रकमेचा निदान दहावा भाग अडीअडचणीसाठी बाजूला असावा. अब्बांना हे पटत नव्हते. “पैसे आहेत आणि वापरायचे नाहीत, हे कसले शहाणपण?” असे ते म्हणाले. पण ते पैसे टपाल कार्यालयात त्यांच्याच नावावर राहणार होते, म्हणून ते कबूल झाले.

मग मी छप्पर मोजले. मुलांनो, इथे तुमचे गणित उपयोगी पडते. आमचे घर पागोळीपासून पागोळीपर्यंत 30 फूट रुंद आणि 36 फूट लांब आहे. म्हणजे जमिनीवर 1,080 चौरस फूट. पण छप्पर उतरते असते. त्याचे क्षेत्रफळ जमिनीपेक्षा जास्त भरते. आमचे आढे पागोळीच्या पातळीपेक्षा 8 फूट उंच आहे. निम्मी रुंदी 15 फूट. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू 8 आणि 15, तर कर्ण 17. म्हणजे एका बाजूचा उतार 17 फूट. दोन बाजू मिळून 2 × 17 × 36, म्हणजे 1,224 चौरस फूट. ठेकेदार दर चौरस फुटावर सांगतो, तेव्हा हा 144 चौरस फुटांचा फरक आधी माहीत असलेला बरा. नाहीतर बिल पाहिल्यावर ‘मिस्त्रीने फसवले’ असे वाटते आणि मिस्त्री बिचारा खरा असतो.

मंगलोरी कौले एका चौरस मीटरला साधारण 15 लागतात. त्या हिशेबाने आमच्या छपराला सुमारे 1,700 कौले लागणार होती. मी व माझ्या पुतण्याने उरलेली कौले मोजली. 1,150 धड होती. फुटतूट धरून 600 नवी घ्यायची ठरले. जुनी कौले आम्ही अंगणात घासून धुतली. त्यांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा होता. अशी कौले भारतात प्रथम मंगळूरला, 1865 साली, बासेल मिशनच्या लोकांनी कारखान्यात तयार केली. म्हणून आपण त्यांना मंगलोरी म्हणतो. चांगले भाजलेले कौल बोटाने वाजवले की टणटण आवाज देते. चिरलेले कौल बद्द वाजते. दादींनी खाटेवर बसून सगळी कौले अशी वाजवून घेतली आणि मी धड म्हटलेली बारा कौले बाद केली. ती वाढीव कौलांतून भरून निघणार होती.

आता ठेकेदाराची गोष्ट. 2013 साली आमच्या घरी एक लहान काम काढले होते. तेव्हा अब्बांनी एका ठेकेदाराला निम्म्याहून जास्त रक्कम आधीच दिली. कागद काही केला नाही. “शब्द म्हणजे शब्द,” असे अब्बा म्हणत. तो माणूस दहा दिवस आला. पुढे दुसरे मोठे काम मिळाल्यावर आलाच नाही. किती दिले आणि किती काम झाले, याचा पुरावा आमच्याजवळ नव्हता. त्याचे नाव घरात आजही कोणी काढत नाही. त्यामुळे या वेळी मी कागदाचा आग्रह धरला, तेव्हा अब्बांनी नाही म्हटले नाही.

आम्ही तीन ठेकेदारांना बोलावले. पहिल्याने घर पाहिले आणि कागदाच्या चिठोऱ्यावर 2,80,000 रुपये लिहून दिले. दुसऱ्याने 3,40,000 सांगितले. तिसऱ्याने 4,10,000. अब्बा पहिल्यावर खूश झाले. पण तिघांनी एकाच कामाची किंमत सांगितली होती का? मी त्या तिघांनाही माझी यादी दिली आणि एकेका ओळीपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायला सांगितले. तेव्हा कळले की पहिल्याच्या रकमेत नवे लाकूड नव्हते. ते 55,000 रुपयांचे होते. परांची बांधणे आणि मोडलेला माल उचलून नेणे हेही नव्हते, त्याचे 15,000. म्हणजे त्याचे काम खरे तर 3,50,000 रुपयांचे झाले. जो सर्वांत स्वस्त वाटत होता, तो दुसऱ्यापेक्षा दहा हजारांनी महाग निघाला. तिसऱ्याने कुंपणाची भिंत आणि रंगही धरले होते. आम्हांला ते नको होते.

ठेका दोन तऱ्हेने देतात. एका तऱ्हेत सामान मालक आणतो आणि ठेकेदार फक्त मजुरी घेतो. दुसऱ्या तऱ्हेत सामानासकट सारे काम ठेकेदाराकडे असते. पहिल्यात पैसे वाचतात, पण रोज कोणीतरी कामावर उभे राहावे लागते; सिमेंट संपले की माणसे बसून राहतात आणि मजुरी मात्र चालू राहते. मी शाळेत, अब्बांचे गुडघे दुखतात. म्हणून आम्ही सामानासकट ठेका दिला. मात्र सिमेंट कोणते, वाळू किती ब्रास, लाकूड कसले, हे लिहून घेतले. (वाळू, खडी ब्रासने विकतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट.)

दुसऱ्या ठेकेदाराला आम्ही मिस्त्री म्हणत असू. तो मूळचा गवंडी. शांत माणूस. त्याने एक गोष्ट अशी सांगितली, की त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. मागच्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा करावा, असे अब्बांचे मत होते. मिस्त्री म्हणाला, “चाचा, तुमची भिंत मातीत रचलेली आहे. वरून सिमेंट थापलं की आतली ओल आतच राहील. दोन पावसांत पापुद्रे सुटतील. त्यापेक्षा चिऱ्यांच्या सांध्यांत चुना भरू, आणि पागोळीचं पाणी भिंतीपासून लांब नेऊ.” गिलाव्यात त्याला जास्त पैसे मिळाले असते. तरी तो हे बोलला.

जांभा दगड असाच आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो. हवा लागली की कठीण होत जातो. त्याला छिद्रे असतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि सोडतोही. 1807 साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. आपल्या रत्नागिरीतला थिबा राजवाडा तुम्ही पाहिलाच असेल. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रज सरकारने तो बांधला आणि 1910 साली राजा तिथे राहायला गेला. तिथली उतरती छपरे पाहा. या मुलखात घराची टोपी मोठी असावी लागते, हे राजवाड्यालाही चुकले नाही.

मग करारनामा झाला. काय करणार, कोणते सामान, किती रक्कम, किती मुदत, हे सारे दोन पानांत बसले. काम करताना कामगाराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हेही लिहिले. 1 फेब्रुवारी 2022 ला सुरुवात, 10 मे पर्यंत पूर्ण. मी कागद मोठ्याने वाचला. दादींना मराठी वाचता येत नाही, पण त्या ऐकत होत्या. ‘करार’, ‘मुदत’, ‘रक्कम’, ‘हिशेब’, ‘मजुरी’, ‘हप्ता’ हे शब्द येत गेले तशा त्या हसून म्हणाल्या, “हे तर सगळं उर्दूच आहे!” एका शब्दाला मात्र त्या अडल्या. ‘तक्रार आल्यास ठेकेदार दुरुस्त करून देईल,’ असे वाक्य होते. त्या म्हणाल्या, “तकरार कशाला करता? आधीच भांडण?” उर्दूत तकरार म्हणजे वाद, हुज्जत, मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी कागदाला परवानगी दिली.

खरी घासाघीस पैशांच्या हप्त्यांवर झाली. मिस्त्रीने सुरुवातीला निम्मी रक्कम मागितली. त्यालाही सामान उधार मिळत नव्हते. आम्ही म्हटले, जेवढे काम तेवढे पैसे. शेवटी असे ठरले : सुरुवातीला 60,000, जुने छप्पर उतरून लाकूडकाम उभे राहिले की 1,00,000, कौले बसली की 90,000, भिंत व न्हाणीघर झाले की 75,000. उरलेले 15,000 पहिल्या मोठ्या पावसानंतर.

“पावसानंतर?” मिस्त्री म्हणाला. “चाचा, पाऊस काय माझ्या हातात आहे?”

“पाऊस तुमच्या हातात नाही,” अब्बा म्हणाले, “पण गळणं आहे.”

मिस्त्री हसला आणि त्याने सही केली. प्रत्येक हप्त्याची पावती वहीत चिकटवायची, तोंडी वाढवलेले काम धरायचे नाही, असेही ठरले. नवी खोली वाढवायची असती तर ग्रामपंचायतीत आधी विचारणे भाग होते. खाडी किंवा समुद्राजवळच्या घरांना 1991 पासून किनाऱ्याचे वेगळे नियमही लागू झाले आहेत. त्यांत पुढे 2011 व 2019 साली बदल झाले. आम्ही घराचा आकार बदलत नव्हतो. तरी मी ग्रामपंचायतीत जाऊन काम सांगून आलो.

छप्पर उतरवले आणि तिसऱ्याच दिवशी मिस्त्रीने मला वर बोलावले. त्याने मधल्या तुळईत खिळा लावला आणि अंगठ्याने दाबला. खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. वाळवीने तुळई आतून पोखरली होती. वरचा रंग तेवढा शाबूत होता. तिच्याखाली दादींची खाट होती. अब्बा खालून विचारत होते, “काय झालं?” मला लगेच उत्तर देता आले नाही. तुळई व तिला जोडलेले चार वासे बदलायला 34,000 रुपये लागणार होते. गावात एक जुने घर पाडले होते, तिथले आईनाचे वाळलेले लाकूड मिळाले म्हणून एवढ्यात भागले. टपाल कार्यालयातले 40,000 त्या दिवशी उपयोगी पडले. अब्बा स्वतः जाऊन पैसे काढून आले. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

पुढे विजेच्या जुन्या तारा उघड्या पडल्या. त्यांचे आवरण उंदरांनी खाल्ले होते. 14,000 रुपये तिथे गेले. वहीत मी हिशेब मांडला. चार लाखांतून ठेक्याचे 3,40,000, तुळईचे 34,000 आणि तारांचे 14,000 गेले. उरले 12,000. एवढ्यात माजघराची फरशी होत नव्हती. पत्नीने वही पाहिली आणि फरशीच्या नमुन्यांचे पुस्तक कपाटात ठेवून दिले. दोन दिवस ती माझ्याशी मोजकेच बोलली. तिचे बरोबर होते. फरशीची वाट ती लग्नापासून पाहत होती.

एप्रिलमध्ये रमजान आला. दोन गवंडी रोजा ठेवत. मिस्त्रीने त्यांच्यासाठी काम पहाटेच सुरू केले आणि दुपारी उन्हात छपरावर कोणाला चढू दिले नाही. काम थोडे लांबले. 10 मे ची मुदत टळून 19 मे ला काम पुरे झाले. उशिराबद्दल रोज काही रक्कम कापण्याची अट करारात होती. पण तुळईचे काम करारात नव्हते आणि तेच वाढले होते. आम्ही काही कापले नाही. एक गवंडी जाताना नव्वद दिवसांच्या कामाच्या दाखल्याबद्दल मिस्त्रीशी बोलत होता. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. तिथे नाव नोंदवायला वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्याला स्वतःचा एवढा कागद मिळवायला किती फेऱ्या पडतात, ते त्याच्या बोलण्यावरून कळले.

ठेकेदार काम सोडून गेला तर काय करायचे, असे विद्यार्थी मला विचारतात. ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. 1993 साली त्यात घरबांधणीच्या सेवेचा स्पष्ट उल्लेख आला. (कायद्यातल्या अशा बदलालाही मराठीत ‘दुरुस्ती’च म्हणतात.) आता त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आहे आणि तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करता येते. पण तिथेही पहिला प्रश्न असतो, कागद कुठे आहे?

जूनमध्ये एका रात्री पहिला मोठा पाऊस आला. आम्ही सगळे जागे होतो. दिवा लावून छताकडे पाहत बसलो. तासभर काही झाले नाही. मग काचेच्या कौलाजवळून एक थेंब पडला, थोड्या वेळाने दुसरा. दादींनी सवयीने एक वाटी मागितली. बाकीची सहा भांडी फळीवरच राहिली.

सकाळी मी मिस्त्रीला फोन केला. तो पावसातच आला. काचेचे कौल थोडे सरकले होते. त्याने ते नीट बसवले आणि शिडीवरून उतरून ओटीवर चहा प्यायला. अब्बांनी 15,000 रुपये मोजून दिले. पावती मी वहीत चिकटवली. मग शेवटचे पान उघडून माझ्या पत्नीने पहिल्या ओळीवर लिहिले : ‘माजघराची फरशी. जमा 12,000.’

शब्दार्थ
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर, राजमिस्त्री
आढे – छपराच्या सर्वांत उंच भागावरचे आडवे लाकूड
तुळई – छपराचा भार घेणारे जाड लाकूड, शहतीर
पागोळी – छपराच्या कडेवरून गळणारी पाण्याची धार. इथे छपराची कड
परांची – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला बांबूंचा मचाण
वाळवी – दीमक
ओल – नमी
घासाघीस – किंमत कमी-जास्त करण्यासाठी केलेले बोलणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कौले फुटण्याचे कारण काय झाले?
(आ) दादींनी बारा कौले कशी ओळखून बाद केली?
(इ) शेवटचा हप्ता केव्हा द्यायचे ठरले?
2. कारणे लिहा.
(अ) पहिल्या ठेकेदाराचे काम स्वस्त वाटले, पण स्वस्त नव्हते.
(आ) मिस्त्रीने सिमेंटचा गिलावा करू नये असे सांगितले.
3. एका घराची पागोळीपासून पागोळीपर्यंतची रुंदी 24 फूट, लांबी 40 फूट आणि आढ्याची उंची पागोळीपासून 9 फूट आहे. दोन उतारांच्या छपराचे क्षेत्रफळ काढा.
4. पाठातून उर्दू व मराठी दोन्ही भाषांत असलेले आठ शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे?
5. तुमच्या घरात करायच्या दुरुस्त्यांची यादी घरच्या माणसांना विचारून तयार करा. कोणते काम आधी आणि का, ते लिहा.